भाकरीचे बळ आणि भाजीचे बळ

बाजरीत ताकद जास्त की मेथीच्या भाजीत? शिरूर किंवा दौंड तालुक्यातल्या कोणत्याही पारावर हा प्रश्न टाकून पाहा. जुनी माणसे एका सुरात सांगतील, "बाजरीसारखं अन्न न्हाई. पाला खाऊन कुणी नांगर धरलाय का?" आणि त्याच गावातली शाळेत जाणारी मुलगी पुस्तकात वाचलेले घडाघडा म्हणून दाखवील, की हिरव्या पालेभाज्यांत लोह असते, चुना असतो, जीवनसत्त्वे असतात, म्हणून त्या रोज खाव्यात. आजोबाही खोटे बोलत नाहीत आणि नातही नाही. दोघे एकाच ताटाच्या दोन बाजूंविषयी बोलत आहेत, एवढेच.

पण वाचकहो, हा नुसता पारावरचा वाद नाही. २०१९ ते २०२१ या काळात देशभर जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तिच्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. पाच वर्षांच्या आतल्या मुलांत तर हे प्रमाण शंभरात जवळजवळ ६९ निघाले. त्याच्या आधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हेच आकडे ४८ आणि ५४ होते. म्हणजे रस्ते झाले, वीज आली, हातात फोन आले, आणि रक्त मात्र कमी झाले! ज्या भागात धान्याची पोती आणि भाजीच्या जुड्या दोन्ही आपल्याच रानात तयार होतात, तिथल्या बाईला खुरपायला वाकल्यावर डोळ्यांपुढे अंधारी यावी, हे कोडे सोडवायचे तर बाजरी आणि मेथी यांचा हिशेब एकदा नीट मांडला पाहिजे.

हिशेब मांडताना एक चूक नेहमी होते. शंभर ग्रॅम बाजरी एका पारड्यात आणि शंभर ग्रॅम मेथी दुसऱ्या पारड्यात घालून लोक आकडे जुळवतात. हे म्हणजे वाळलेले सरपण आणि ओले सरपण एकाच भावाने घेण्यासारखे आहे. बाजरीच्या शंभर ग्रॅममध्ये पाणी असते जेमतेम ९ ग्रॅम. मेथीच्या निवडलेल्या पाल्यात शंभरातले ८६ ग्रॅम नुसते पाणी! उरलेल्या १४ ग्रॅममध्ये जे काय असेल ते. हे ध्यानात ठेवूनच पुढचे आकडे वाचावेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांची नवी कोष्टके छापली, त्यांतले हे आकडे आहेत. वाचायला सोपे जावे म्हणून थोडे सुटसुटीत केले आहेत.

बाजरी, १०० ग्रॅम : उष्मांक ३४८, प्रथिने ११ ग्रॅम, स्निग्धांश साडेपाच ग्रॅम, चोथा साडेअकरा ग्रॅम, लोह ६.४ मिलिग्रॅम, कॅल्शियम २७ मिलिग्रॅम, 'क' जीवनसत्त्व नाही.

मेथीचा पाला, १०० ग्रॅम : उष्मांक ३४, प्रथिने पावणेचार ग्रॅम, लोह ५.७ मिलिग्रॅम, कॅल्शियम २७४ मिलिग्रॅम, 'क' जीवनसत्त्व ५८ मिलिग्रॅम, आणि 'अ' जीवनसत्त्व ज्यापासून तयार होते ते कॅरोटीन ९,००० मायक्रोग्रॅमहून अधिक.

आता आजोबांचे म्हणणे घ्या. रानात राबणारी बाई दिवसाला तीन भाकरी खाते असे धरू. भाकरीला ८०-८५ ग्रॅम पीठ लागते, म्हणजे दिवसाचे २५० ग्रॅम. एवढ्या पिठातून तिला ८७० उष्मांक मिळतात. तेवढेच उष्मांक मेथीतून काढायचे म्हटले तर अडीच किलो निवडलेला पाला खावा लागेल. गाय-म्हैस खाईल, माणूस कसा खाणार? पाला खाऊन नांगर धरता येत नाही, हे आजोबांचे वाक्य आकड्यांनीही खरे ठरते.

आता नातीचे घ्या. शंभर ग्रॅम मेथीत जेवढे कॅल्शियम आहे, तेवढे बाजरीतून मिळवायला एक किलो बाजरी खावी लागेल. 'क' जीवनसत्त्वासाठी तर पोतेभर बाजरी खाल्ली तरी उपयोग नाही, कारण वाळलेल्या धान्यात ते नसतेच. कॅरोटीनचेही जवळजवळ तसेच. नात जिंकली म्हणायला हरकत नाही. पण लोहाच्या ठिकाणी गाडी जरा अडते, आणि खरी मेख तिथेच आहे.

लोह अंगी लागते किती?

अडीचशे ग्रॅम बाजरीत १६ मिलिग्रॅम लोह आहे. वयात आलेल्या बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम आणि पुरुषाला १९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली सांगितले आहे. (बाईला जास्त का, हे सांगायला नको. दर महिन्याला रक्त जाते, आणि बाळंतपणे वेगळीच.) हेच अडीचशे ग्रॅम गव्हाचे पीठ असते तर १० मिलिग्रॅमच्या आसपास लोह मिळाले असते, आणि सडलेला पांढरा तांदूळ असता तर दोन मिलिग्रॅमसुद्धा नाही. रोजच्या धान्यांत बाजरीचा हात धरणारे धान्य आपल्या भागात दुसरे नाही. ज्वारीही लोहात तिच्या मागेच.

मग बाजरी खाणाऱ्या बाईचे रक्त कमी का? कारण ताटात पडलेले लोह आणि अंगी लागलेले लोह यांत फार अंतर आहे. धान्याच्या कोंड्याखाली फायटेट नावाचा एक पदार्थ असतो. दाण्याने उद्याच्या कोंभासाठी जपून ठेवलेली ती शिदोरी असते. हे फायटेट पोटात लोहाला धरून ठेवते, सोडत नाही. धान्यावर चालणाऱ्या आपल्या जेवणातले शंभरातले सात-आठ भाग लोह रक्तात जाते, बाकीचे तसेच बाहेर पडते. वर दिलेला २९ चा आकडा हा सगळा तोटा धरूनच काढलेला आहे. जेवणाच्या जोडीला चहा घेतला तर तो तोटा आणखी वाढतो. चहातली तुरट द्रव्ये लोहाला पकडतात. भाकरी खाऊन हात धुतला न धुतला तोच कपबशी पुढे येते ती आपल्या घराघरांतली पद्धत रक्ताला महाग पडते. जेवण आणि चहा यांत निदान एक तास जाऊ द्यावा.

तोटा कमी करणारी वस्तूही निसर्गाने ठेवली आहे. ती म्हणजे 'क' जीवनसत्त्व. ते त्याच घासात पोटात गेले तर फायटेटची मिठी सैल होते आणि लोह जास्त अंगी लागते. बाजरीत लोह आहे, 'क' नाही. मेथीत दोन्ही आहेत, पण पोट भरण्याचे बळ नाही. एकीचे जे उणे ते दुसरीचे अधिक. ही गाठ कोणी पुस्तके वाचून बांधलेली नाही. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वाल, गाजर, वांगी, हरभरा, पावटा यांची मिसळीची भाजी करणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना फायटेट ठाऊक नव्हते. ताटात काय शेजारी बसते हे मात्र ठाऊक होते.

मेथीतही एक गोष्ट तिच्या बाजूची आहे. पालकात ऑक्झलेट फार असते आणि ते पालकातले कॅल्शियम बांधून ठेवते. मेथीत ते पालकाच्या मानाने पुष्कळ कमी, त्यामुळे मेथीचा चुना आपल्या कामी जास्त येतो. पालक दिसायला देखणा आणि दवाखान्याच्या भिंतीवरच्या चित्रात नेहमी पुढे, पण आपल्या घरात मेथीच बरी, असे माझे मत आहे.

रान बदलले, ताट बदलले

शिरूर म्हणजे जुने घोडनदी. सह्याद्रीच्या पावसाच्या आडोशाला पडलेला हा मुलूख. खरिपात बाजरी, तिच्यात मटकी, हुलगा, तुरीचे पाटे, आणि रब्बीत ज्वारी, हरभरा, करडई, हे इथले जुने गणित. बाजरी निसवली की कणसावर बसणारी पाखरे हाकायला मचाणावर पोरे असत. खुडणी झाली की सरमाड जनावरांना. मळ्यात पाण्याची सोय असली तर वांग्याचा, मेथीचा, कोथिंबिरीचा एखादा वाफा. ताटात त्यामुळे धान्य, कडधान्य आणि पाला तिन्ही आपोआप येत.

पुढे घोड धरण झाले. चासकमानचे आणि कुकडी प्रकल्पाचे पाणी फिरले. दौंडकडे तर खडकवासल्याचा कालवा यवत, पाटसवरून पुढे इंदापुरापर्यंत गेला. पाटसला भीमा आणि न्हावऱ्याला घोडगंगा असे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. राहू, केडगाव भागात गुऱ्हाळे पेटली. पाणी आले ही चांगलीच गोष्ट झाली. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, दुष्काळी कामावर खडी फोडून सुकडी खाल्ली, रेशनवरची तांबडी मिलो खाल्ली, त्यांना पाण्याची किंमत कोणी शिकवायला नको. पण उसाच्या बागायतीने बाजरी मागे हटली, आणि बाजरीबरोबर तिच्यातले मटकी-हुलगेही गेले. रेशनवर गहू-तांदूळ आला. बाजरीची भाकरी थापायला वेळ लागतो, हात लागतो, चपाती सोपी. पाहुणा आला तर बाजरी वाढायची लाज वाटू लागली, अशीही घरे आहेत.

भाजीचे काय झाले? मेथी वाढली, पण ती घरासाठी नव्हे. तीस-पस्तीस दिवसांत हाती पैसा देणारे हे पीक. संध्याकाळी जुड्या बांधायच्या, पाणी मारायचे, रातोरात टेंपो पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात. भाव शेकड्याने ठरतो. भाव चढला असेल तर घरात बोलणे असे चालते :

"आत्या, दोन जुड्या ठिवू का घरात? पोरांस्नी भाजी व्हईल."

"ऱ्हाऊ दे गं. शेकड्याला दोन कमी पडत्यात. चटणी हाय की."

आणि भाव पडला की त्याच मेथीत मेंढरे सोडतात किंवा रोटर मारतात. भाव चढला तेव्हा खाल्ली नाही कारण महाग, पडला तेव्हा खाल्ली नाही कारण तिचे तोंड बघवत नाही! दूध डेअरीला, अंडी बाजाराला, मेथी पुण्याला, आणि घरच्या ताटात भाकरी व खर्डा. मी कोणाला दोष देत नाही. सोसायटीचा हप्ता, पोरांची फी, दवाखाना, हे सगळे रोखीने मागतात, आणि मेथी रोख देते. पण दोन जुड्यांचे वाचवलेले पैसे आणि लोहाच्या इंजेक्शनांना, बाटल्यांना लागणारे पैसे एकदा शेजारी मांडून पाहायला काय हरकत आहे?

आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. भाजी केली तरी ती कोणाच्या ताटात किती पडते? आधी बाप्ये, मग पोरे, मग म्हातारी, आणि शेवटी तव्यावरची अर्धी भाकरी व कढईच्या कडेचे लागलेले घेऊन बसते ती घरातली सून. ज्या माणसाला २९ मिलिग्रॅम पाहिजे त्याला सर्वांत कमी, आणि ज्याला १९ पुरे त्याला सर्वांत जास्त. मेथीचा एक वाटा सुनेच्या नावाने आधीच काढून झाकून ठेवावा, आणि तो सासूने ठेवावा. म्हणजे कोणी काही म्हणायचा प्रश्न येत नाही.

घोडकाठची तीन हजार वर्षांपूर्वीची माणसे

आपल्या भागातल्या माणसाने काय खावे हा प्रश्न नवा नाही. शिरूर तालुक्यातच घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर, डॉ. झै. दा. अन्सारी या संशोधकांनी १९६८ पासून पुढे बरीच वर्षे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांचे गाव नांदत होते. त्यांची घरे, चुली, धान्याच्या कणग्या ठेवायचे ओटे, पाण्याचा पाट, सगळे जमिनीखालून निघाले. जळून कोळसा झालेले दाणेही सापडले. त्यांत जव मुख्य. जोडीला मसूर, हुलगा, वाटाणा, वाल. बोरेही खात. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीही घोडकाठचा कुणबी धान्याशेजारी कडधान्य आणि रानमेवा घेऊन बसत होता. हुलगा तर आपल्या माडग्याच्या रूपाने अजून टिकून आहे.

पुढे त्या गावाला वाईट दिवस आले. शेवटच्या काळात घरे लहान झाली, मोठी चौकोनी घरे जाऊन गोल झोपड्या आल्या, शेतीचे भागेना म्हणून शिकारीवर भर वाढला. तिथे घराच्या भुईखाली रांजणांत पुरलेल्या लहान मुलांची हाडे सापडली. त्या हाडांचा अभ्यास अभ्यासकांनी अगदी अलीकडेपर्यंत केला आहे. शेवटच्या काळातल्या मुलांची वाढ खुंटलेली होती, असे त्या हाडांवरून दिसते. पोटाला काय मिळाले आणि काय मिळाले नाही, ते हाडे सांगून जातात. आपल्या गावच्या अंगणवाडीत ताई महिन्याच्या महिन्याला पोराचे वजन-उंची मांडते ती नोंद आणि इनामगावची ती हाडे, दोन्ही एकच गोष्ट सांगणारी कागदपत्रे आहेत. अंगणवाडीत मात्र अजून दुरुस्ती करता येते.

बाजरी ही मूळची आफ्रिकेची. तिथून ती फार जुन्या काळी आपल्याकडे आली आणि इथलीच होऊन बसली. अगदी अलीकडेही तिची एक फेरी झाली. आफ्रिकेतल्या टोगो देशातल्या वाणापासून हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या 'इक्रिसॅट' या आंतरराष्ट्रीय संस्थेने 'आयसीटीपी ८२०३' हा वाण निवडला, आणि १९८८ साली तो महाराष्ट्रात आला. टपोऱ्या दाण्याचा, लवकर येणारा. त्याच वाणातून जास्त लोहाची ताटे निवडून निवडून 'धनशक्ती' हा वाण तयार झाला. इक्रिसॅट आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मिळून तो २०१२ साली महाराष्ट्रासाठी दिला. त्याच्या किलोभर दाण्यात लोह सुमारे ७१ मिलिग्रॅम. पुढे 'एएचबी १२००' आणि 'फुले महाशक्ती' हे जास्त लोहाचे संकरित वाणही आले. २०१८ पासून तर बाजरीच्या नव्या वाणाला मान्यता मिळायची असेल तर किलोला निदान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असलेच पाहिजे, असा नियम झाला. उत्पन्नाच्या क्विंटलबरोबर अंगातल्या रक्ताचाही विचार बियाण्यात होऊ लागला, ही गोष्ट मला मोठी वाटते.

या बाजरीची परीक्षा घोड नदीच्या पलीकडे, नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या वसतिगृहाच्या शाळांत झाली. २०१०-११ च्या सुमारास १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींना सहा महिने दिवसातून दोनदा बाजरी खायला दिली. निम्म्यांना जास्त लोहाची, निम्म्यांना साधी. ज्या मुलांच्या अंगात आधी लोह कमी होते, त्यांतली कमतरता भरून निघालेली मुले जास्त लोहाच्या गटात साध्या गटाच्या दीडपटीहून अधिक निघाली. औषध नाही, गोळी नाही, नुसती भाकरी! म्हणून 'बाजरीत काय आहे' असे नाक मुरडणाऱ्यांना हा दाखला जरूर द्यावा.

मग एका बाईचा दिवसाचा हिशेब कसा लागतो? अडीचशे ग्रॅम साधी बाजरी आणि शंभर ग्रॅम मेथी मिळून लोह पावणेबावीस मिलिग्रॅम, प्रथिने ३१ ग्रॅम, कॅल्शियम ३४० मिलिग्रॅमच्या आसपास. लोह पाहिजे २९, प्रथिने पाहिजेत ४६, कॅल्शियम १,०००. दोघी मिळूनही हिशेब पुरा होत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. उरलेले मटकी, हुलगा, हरभरा, तीळ-शेंगदाणे, आणि कपभर का होईना घरचे दूध-ताक यांनी भरून काढायचे. बाजरीच्या प्रथिनात लायसिन नावाचा एक घटक कमी पडतो, तो नेमका कडधान्यात असतो. मटकीची उसळ आणि बाजरीची भाकरी ही जोडी त्यासाठी. मांसाहार करणाऱ्या घरात आठवड्याला थोडे मटण, मासे, अंडी झाली तर लोहाची बाजू पुष्कळ सावरते, कारण मांसातले लोह धान्यातल्यापेक्षा सहज अंगी लागते.

एक इशारा मात्र नीट वाचावा. रक्त तपासल्यावर हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदर बाईचे ११ च्या खाली आले, तर नुसत्या भाकरी-भाजीवर विसंबू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात, आशाताईकडे लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. त्या सांगितल्याप्रमाणे पुऱ्या घ्याव्यात. शौचाला काळे होते म्हणून पुष्कळजणी गोळ्या मध्येच टाकून देतात. काळे होणे हा गोळीचाच रंग आहे, त्यात भिण्यासारखे काही नाही. फार मळमळत असेल तर गोळी रात्री निजताना घ्यावी.

स्वयंपाकघरात काय करावे

बाजरीचे पीठ आठवड्यापुरतेच दळावे. या दाण्यात तेल जास्त, ते दळल्यावर लवकर खवट होते आणि भाकरी कडू लागते. कडू भाकरीमुळेच पोरे बाजरीला नाके मुरडतात, दोष बाजरीचा नसतो. पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकू नये. सवड असेल तेव्हा बाजरी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणावेत, वाळवून मग दळावी. मोड येताना दाणा आपली फायटेटची शिदोरी स्वतःच खर्चतो आणि लोह मोकळे होते. असे पीठ लहान मुलांच्या लापशीला फार चांगले.

मेथी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतली तर जीवनसत्त्वे पाण्याबरोबर मोरीत जातात. कडवटपणा काढायला मीठ लावून पिळून पाणी टाकायची काही ठिकाणी चाल आहे, ती सोडावी. लोखंडी कढईत फोडणी द्यावी, थोडे तेल सढळ असू द्यावे, कारण कॅरोटीन तेलाशिवाय अंगी लागत नाही. झाकण ठेवून शिजवावी, उगाच रटरटत ठेवू नये. शिजवण्यात 'क' जीवनसत्त्व पुष्कळ उडते, हे खरे. त्यावर उपाय दोन. भाजीवर खाली उतरल्यावर लिंबू पिळावे. नाहीतर सरळ घोळाणा करावा : कोवळी मेथी बारीक चिरून, कांदा, शेंगदाण्याचे कूट, मीठ, तिखट आणि वरून चमचाभर कच्चे तेल. चूल पेटवायची गरज नाही. रानात न्यायच्या भाकरीबरोबर तो उत्तम लागतो. कच्ची खायची म्हणून पाला मात्र दोन-तीन पाण्यांतून धुतलेला हवा, आणि औषध मारलेल्या वाफ्यातला नको.

लहान मुलाचे पोट मुठीएवढे. त्याला पाला जास्त दिला तर पोट भरते आणि बळ मिळत नाही. त्याच्यासाठी बाजरी भरडून मुगाच्या डाळीबरोबर मऊ खिचडा करावा, चिमूटभर बारीक मेथी त्यातच शिजवावी आणि वर तुपाचा चमचा सोडावा. मीठ आयोडीनयुक्तच वापरावे. रोज बाजरी खाणाऱ्या घरात तर त्याची जास्त गरज, कारण बाजरीतली काही द्रव्ये गळ्याच्या ग्रंथीच्या कामात आड येतात.

आणि मेथीसाठी पुण्याच्या टेंपोतून जुडी मागे ठेवायची पाळीच येऊ नये असे वाटत असेल, तर मोरीचे किंवा हौदाचे पाणी जिथे जाते तिथे दहा फूट लांब, चार फूट रुंद वाफा करावा. त्याचे चार भाग पाडावेत आणि दर आठवड्याला एका भागात मेथी फेकावी, म्हणजे महिन्यानंतर दर आठवड्याला एक भाग काढणीला येतो. बी विकत आणायला नको, फोडणीच्या डब्यातली मेथीही उगवते. साबणाचे पाणी वाफ्यात सोडू नये, भांडी विसळलेले चालते. उपटून काढण्यापेक्षा दोन बोटे ठेवून कापली तर पुन्हा फुटते, आणि चार ताटे बियाला सोडली की पुढच्या वर्षाची सोय घरातच होते.